कच्ची चिठ्ठी

३ फेब्रुवारी, सोमवार

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. तेव्हा फाडण्याआधी एवढं वाच, की हे कामाचं पत्र आहे. बारा वर्षांनी ताईला एकदम मायेचा उमाळा आलाय, असं काही समजू नकोस.

तुझ्या नावाचा एक फॉर्म आमच्या कोश कार्यालयात आलाय, न्यायालयाकडून. तू तिथे दुभाष्याच्या जागेसाठी अर्ज केलास, मुलाखत झाली, तुलाच घ्यायचं चाललंय, फक्त जुन्या कामाच्या ठिकाणचा दाखला हवाय. चौदा तारखेच्या आत तो पोचला नाही, किंवा पोचला आणि त्यात काही वावगं निघालं, तर जागा पुढच्या उमेदवाराला. हे सगळं मला त्या फॉर्मवरूनच कळलं. सख्ख्या बहिणीची खबरबात छापील कागदावर वाचायची, ही आपल्या घरची तऱ्हा.

फॉर्म भरायला माझ्याच टेबलावर आला, कारण साहाय्यक संपादक मी. सहा रकाने सोपे आहेत. सातवा असा आहे: 'सदर व्यक्तीस फसवणूक, बनावट वा तत्सम कारणावरून कामावरून कमी करण्यात आले होते काय? असल्यास तपशील द्यावा.'

तुझी फाइल काढली. तिच्यात मामांच्या, म्हणजे तेव्हाच्या मुख्य संपादकांच्या, हातचा एकच शब्द आहे, लाल शाईत, तोही इंग्रजी. फ्रॉड. खाली सही. कमाल आहे की नाही? जन्मभर इंग्रजी शब्दाला आपल्या भाषेतला शब्द शोधत बसलेला माणूस, आणि भाचीला हाकलताना त्यांना आपला एक शब्द सापडला नाही! फसवणूक, लबाडी, बनवाबनवी, थापेबाजी, भोंदूगिरी, कपाट भरून शब्द होते की.

पण तू घाबरू नकोस. मी मार्ग काढलाय. 'स्वेच्छेने काम सोडले' असं मी लिहिणार आहे. फाइल माझ्याच ताब्यात असते. जुने कागद आहेत, एखादं पान गहाळ होतं, कुणी विचारायला येत नाही. झालं गेलं, कशाला उगाळायचं? तू फक्त दोन ओळी लिही, की चालेल.

जाता जाता एक गंमत. मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांच्या आपल्या कोशाची नवी आवृत्ती चाललीय आणि माझ्या वाट्याला एफ अक्षर आलंय. या आठवड्यात कुठल्या शब्दाशी पोचलेय, ते तूच ओळख.

तुझी ताई

ता. क. तुला चष्मा लागला का गं? माझा नंबर पुन्हा वाढला.


६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटे,

उत्तर नाही. बरं. टपाल उशिरा पोचलं असेल असं समजते.

मधे दोन दिवस मी नुसती फ्रॉड या शब्दाशी झटतेय. पहिला अर्थ सरळ आहे, कृतीचा. जाणूनबुजून केलेली फसवणूक. 'जाणूनबुजून' महत्त्वाचं, कारण चुकून झालं तर तो गलथानपणा, फ्रॉड नव्हे. दुसरा अर्थ माणसाचा. 'अमका फ्रॉड आहे' असं आता शाळकरी मुलंसुद्धा म्हणतात, म्हणजे आहे एक आणि दाखवतो दुसरंच. इंग्रजीत आधीपासूनच कृत्याला आणि ते करणाऱ्याला एकच शब्द. आपल्याकडे लबाडी वेगळी, लबाड वेगळा. त्यांच्याकडे माणूस आणि त्याने केलेलं, सगळं एकात.

पहिल्या अर्थाला आणखी एक शेपूट लावावं लागतं. फसवणाऱ्याचा काहीतरी फायदा हवा, नाहीतर फसलेल्याचं काहीतरी नुकसान. त्यावर मी कालपासून विचार करतेय. आपल्या त्या चिठ्ठ्यांनी कुणाचं काय नुकसान झालं होतं, सांग बघू?

तुला आठवतच असेल म्हणा, पण माझी मलाच उजळणी करू दे. एका शब्दाला तीन चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, तो वापरलेलं खऱ्या पुस्तकातलं वाक्य, पुस्तकाचं नाव, पान. मी वाचायची आणि पाठकोऱ्या कागदावर खरडायची. माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, मांजराचे कुत्र्याला. म्हणून तू बसून माझ्या कच्च्या चिठ्ठ्या जाड कार्डावर पक्क्या करायचीस, आपल्या मोत्यासारख्या अक्षरात. तुझ्या स्वतःच्या वेगळ्या असायच्याच. पक्क्या सगळ्या खणात, कच्च्या कोपऱ्यातल्या पोत्यात. दर दहावी चिठ्ठी मामा उपसायचे आणि पुस्तक उघडून पडताळायचे.

आणि त्या दिवशी त्यांच्या हाताला लागलं दोनशे बारा पानांच्या पुस्तकातलं तीनशे चाळिसावं पान! मग त्यांनी सगळे खण काढले. एकेचाळीस निघाल्या. पुस्तकं खरी, वाक्यं त्यात कुठेच नाहीत. सगळ्या तुझ्या अक्षरात.

पण शब्द खरे होते ना? अर्थ बरोबर होते ना? एकाही वाचणाऱ्याला चुकीचा अर्थ मिळाला नाही. फक्त साक्षीदार खोटे होते. मग त्याला थेट फ्रॉड म्हणायचं? हे मी व्याख्येपुरतं विचारतेय.

आणि हो, त्यातल्या काही माझ्या कच्च्यांवरून उतरलेल्या असतीलही. एवढ्या वर्षांनी कोण सांगणार?

आज आमच्या नव्या मुख्य संपादक बाई टेबलाशी आल्या. तुझ्याहून चार वर्षांनी लहान असतील, पण नजर अशी की समोरच्याने आपण होऊन खिसे उलटे करावेत.

"फॉर्म झाला का?"

"चाललाय."

"तुम्ही तेव्हा इथेच होतात ना? काय झालं होतं नेमकं?"

"जुनी गोष्ट आहे, बाई."

"जुनी आहे म्हणूनच विचारतेय. फाइल सोमवारी माझ्याकडे द्या, मी एकदा बघते." आणि दारात थांबून म्हणाल्या, "फ्रॉडच्या दुसऱ्या अर्थाला दोनच चिठ्ठ्या आहेत हं. तिसरी बघा. रोजच्या बोलण्यातली, पण लेखी."

धाकटे, ते लाल शाईचं पान मी मंगळवारीच काढलंय. ते माझ्या पर्समध्ये आहे. फाइल सोमवारी द्यायचीय आणि कागदांना क्रमांक घातलेले आहेत. बाराव्यानंतर एकदम चौदावा दिसेल. तू एकदा 'हो' म्हणालीस की मी काहीतरी जुळवते. लवकर लिही.

ताई


८ फेब्रुवारी, शनिवार

धाकटे,

कार्ड मिळालं. दोन ओळी मागितल्या होत्या, तू मोजून दोनच पाठवल्यास.

'ताई, खोटं चांगलं लिहून माझ्यावर उपकार करू नकोस. खरं लिहिता येत असेल तरच तो फॉर्म भर.'

आधी माझा असा संताप झाला म्हणून सांगू! म्हटलं, मी हिच्यासाठी फाइलमधली पानं काढतेय, नोकरी पणाला लावतेय, आणि ही बया मला शहाणपण शिकवतेय. कार्ड टेबलावर आपटलं. तुझे भावोजी पेपर वाचत होते, ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "तुमच्या मेव्हणीचा तोरा अजून उतरला नाही." त्यांनी कार्ड उचलून वाचलं. पेपर घडी करून ठेवला आणि विचारलं, "खरं म्हणजे काय गं? लिहायचं काय राहिलंय?"

बावीस वर्षं संसार केलेल्या माणसाने हे विचारलं. त्यांनाही मी सांगितलेलं नव्हतं. मी उठून आत गेले आणि दार लावून घेतलं.

आता लिहिते. मधेच थांबले तर पुन्हा व्हायचं नाही, म्हणून एका दमात लिहिते.

त्या एकेचाळीसच्या एकेचाळीस चिठ्ठ्या माझ्या होत्या. 'काही' नव्हे. सगळ्या.

घाई होती म्हणून केल्या असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तेही खोटं. पहिली केली ती हौसेने. एका शब्दाला पुस्तकात सापडलेलं वाक्य इतकं ओबडधोबड होतं, की मला वाटलं, याहून सरस मीच लिहीन. लिहिलं. तू ते कार्डावर उतरवताना म्हणालीस, "ताई, काय सुंदर वाक्य आहे गं, कुठलं?" मी तोंडाला आलं ते पुस्तक सांगितलं आणि पान ठोकून दिलं. तुला आवडलं होतं. मग मी आणखी केल्या. तू प्रत्येक वेळी म्हणायचीस, "तुला बरी मिळतात अशी वाक्यं." माझं पोट भरायचं त्याने. लेखिका व्हायचं होतं ना मला! कुणी छापलं नाही, मग कोशात घुसले, दुसऱ्यांच्या नावांमागे लपून.

आणि तो दिवस. तू मामांच्या टेबलासमोर उभी, मी खिडकीशी. मामांनी एकेचाळीस कार्डं पुढ्यात मांडली आणि विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" तू म्हणालीस, "माझं. पण मामा, कच्च्या चिठ्ठ्या बघा. कच्च्या बघा ना." तू एवढंच म्हणालीस. 'ताईच्या' म्हणाली नाहीस. तुला वाटलं, पोतं उघडलं की आपोआप दिसेल, आणि त्याआधीच ताई बोलेल. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पंख्याकडे पाहिलं.

मामांनी पोतं फरशीवर उलटं केलं. त्यात त्या नव्हत्या.

त्या माझ्या पर्समध्ये होत्या, धाकटे. मामांनी खण काढायला सुरुवात केली होती तेव्हाच मी समजले, आणि तू हात धुवायला गेलीस तेवढ्यात पोत्यातून वेचून घेतल्या. या बनावट कच्च्या मी वेगळ्या सुतळीने बांधून टाकायचे, त्यामुळे शोधाव्याही लागल्या नाहीत. तू गुडघ्यांवर बसून फरशीवरचे कागद चाळत होतीस आणि मी पर्स छातीशी धरून उभी होते. आणि सगळ्यांदेखत मी म्हणाले, "जाऊ दे मामा, लहान आहे, चूक झाली तिची."

चोर सोडून संन्याशाला फाशी, वर चोरानेच रदबदली केली.

तिसऱ्या आठवड्यात मामांनी मला साहाय्यक संपादक केलं. हा माझा फायदा. तुझी बारा वर्षं शिकवण्या आणि फुटकळ भाषांतरं करण्यात गेली, हे तुझं नुकसान. जाणूनबुजून तर होतंच. परवा तुला मी विचारलं होतं ना, की यात फ्रॉड कुठे बसतो? सगळाच्या सगळा बसतो.

एक अजून सांगते, म्हणजे आत काही उरायला नको. आई शेवटच्या दुखण्यात रोज म्हणायची, "धाकटी असं करणार नाही गं." आणि मी तिची उशी नीट करत म्हणायचे, "असू दे आई, होते माणसाकडून चूक." तू भेटायला आलीस तेव्हा ती झोपेत होती आणि मी तिला उठवलं नाही. भीती वाटली, ती तुला समोरासमोर विचारेल.

यासाठी तू मला माफ करावंस असं मी म्हणत नाही. मला तोंड नाही तेवढं.

त्या कच्च्या अजून आहेत. जाळायला दोनदा बसले. नाही जमलं. त्यातली वाक्यं मला आवडतात, ही माझी लायकी.

ताई


११ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटे,

काल सोमवार होता. बाईंना सांगितलं, बरं नाही, एक दिवस घरी आहे. आणि सुतळीचं ते पुडकं आणि लाल शाईचं पान घेऊन मामांकडे गेले. आधी त्यांना सांगायचं, मग बाईंना, असं ठरवलं होतं. निकाल त्यांनी दिला होता, तर तो फिरवलाही त्यांनीच पाहिजे.

मामा शहाऐंशीचे झाले. खुर्ची खिडकीत ओढून बसलेले असतात, मांडीवर फळी, हातात भिंग. मामींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आज कामाच्या दिवशी कशी उगवलीस?" मी पुडकं मामांच्या फळीवर ठेवलं.

"काय हे?"

"कच्च्या चिठ्ठ्या, मामा. एकेचाळीस. बारा वर्षांपूर्वीच्या."

त्यांनी सुतळी सोडली. भिंग लावून पहिली वाचली. दुसरी वाचली. माझं अक्षर ओळखायला त्यांना भिंगाची गरज नव्हती, तरी ते वाचतच राहिले. सतराव्या चिठ्ठीशी थांबले.

"ही तुझी वाक्यं?"

"हो."

"आणि या चिठ्ठ्या पोत्यात का नव्हत्या?"

"मी काढून घेतल्या होत्या."

मला वाटलं होतं ते ओरडतील. फळी भिरकावतील, मला चालती हो म्हणतील. माझी पाचावर धारण बसली होती. पण ते हळू आवाजात जे बोलले ते मी स्वप्नातही धरलं नव्हतं.

"आवृत्ती छापायला कधी जातेय?"

"पुढच्या महिन्यात."

"मग आत्ता कशाला उकरून काढतेस?"

"मामा!"

"ऐक. हे बाहेर आलं तर तुझ्या हातची प्रत्येक चिठ्ठी संशयात. वीस वर्षांचं काम. अर्धा कोश तुझ्या हातचा आहे. आवृत्ती थांबेल. लोक म्हणतील, यांच्याकडे बनावट माल आहे. माझं आयुष्य गेलंय त्याच्यात. झाकली मूठ राहू दे."

"आणि धाकटी?"

"तिला चांगला दाखला दे. स्वेच्छेने सोडलं म्हणून लिही."

धाकटे, अगदी माझेच शब्द, आठ दिवसांपूर्वीचे. मामांच्या तोंडून ते ऐकताना मला कसंसंच झालं. मी म्हटलं, "मामा, तुम्हीच शिकवलंत ना, की अर्थ बरोबर असला तरी स्रोत खोटा असेल तर चिठ्ठी फाडायची?"

"माझीच वाक्यं माझ्यावर फेकू नकोस!" असं म्हणून त्यांनी हाताने चिठ्ठ्या गोळा केल्या, वर लाल शाईचं पान ठेवलं आणि सगळं मांडीखाली सरकवलं. "हे इथेच राहील. जा आता तू."

मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या म्हाताऱ्या माणसाच्या मांडीखालून कागद ओढायचे का? मामी दारात उभ्या राहून बघत होत्या. मी चपला घातल्या आणि निघाले.

म्हणजे आता माझ्याकडे काहीही नाही. ना पान, ना पुरावा. बारा वर्षांपूर्वीच द्यायला हवं होतं ते पुडकं मी दडवून जपलं, आणि हवं होतं त्या दिवशी हातचं घालवलं. कार्डावर अक्षर अजूनही तुझंच आहे. मी उद्या बाईंसमोर उभी राहून म्हटलं की चिठ्ठ्या माझ्या, तर त्या सरळ म्हणतील, बहिणीला नोकरी मिळावी म्हणून ही आळ स्वतःवर ओढून घेतेय. उलट तुझंच नुकसान व्हायचं. तीन दिवस उरलेत.

तरी उद्या जातेय. हे पत्र आधी टाकते, म्हणजे मागे फिरायची सोय राहणार नाही.

ताई


१३ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटे,

काल सकाळी बाईंच्या खोलीत गेले आणि बसायच्या आधीच सांगितलं. पर्स, पोतं, पंखा, सगळं. फाइलमधलं तेरावं पान मी काढलं तेही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पुरावा?"

"मामांकडे आहे. ते देणार नाहीत."

"म्हणजे नाही." अगदी मी म्हटलं होतं तसंच त्या बोलल्या. "तुम्ही बहिणीसाठी हे करताय असं कुणीही म्हणेल. मीही म्हणेन. काय म्हणून विश्वास ठेवू?"

मग एकदम सुचलं. म्हटलं, "त्या एकेचाळीस बाद चिठ्ठ्या लोखंडी कपाटात वेगळ्या ठेवल्यात. त्या बाहेर काढा. मला दाखवू नका. फक्त शब्द वाचा, वाक्य मी म्हणते."

"बारा वर्षांपूर्वीचं?"

"वाचा तर खरं."

बाईंनी कपाट उघडून गठ्ठा आणला. पहिलं कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि शब्द वाचला. मी वाक्य म्हटलं. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुसरा शब्द. तिसरा. मी म्हणत गेले, स्वल्पविरामासकट. दहाव्यापर्यंत बाईंचा आवाज खाली आला होता. बाहेरची टायपिंगची खडखड थांबली होती, दारात दोघं-तिघं येऊन उभे होते, आणि मी शाळेतल्या पोरीसारखी हात मागे बांधून माझी खोटी वाक्यं घडाघडा म्हणत होते. दुसऱ्याच्या पुस्तकातलं वाक्य असं कुणाला पाठ नसतं. स्वतःचं असतं. एकेचाळिसांतली अडतीस अचूक आली. तिनांत एकेक शब्द चुकला. ती तिन्ही आता अधिक चांगली झालीत असं माझ्या मनात आलं, आणि मला माझीच शिसारी आली.

बाई म्हणाल्या, "पुरे." त्यांनी कार्डं सारखी केली. मग म्हणाल्या, "नंतर अशा किती केल्या?"

"एकही नाही."

"तुम्ही सांगताय ते."

"हो. मी सांगतेय तेवढंच."

आवृत्ती थांबलीय. माझ्या वीस वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या पडताळणार आहेत, दर दहावी नव्हे, प्रत्येक. मामा म्हणाले तसंच झालं. माझं टेबल कालच रिकामं केलं. चौकशी होईल ती होईल. बाईंनी एक मात्र केलं. सातवा रकाना मीच लिहायचा आणि त्या खाली सही करणार, असं म्हणाल्या. "शेवटचं काम नीट करा," म्हणाल्या. मी लिहिलं. अक्षर आणखीच वाईट आलं.

आज सकाळी फॉर्म स्वतः नेऊन न्यायालयाच्या खिडकीवर दिला, पोच घेतली, शिक्का बघितला. पोच सोबत ठेवलीय. एक दिवस आधी पोचलाय. जागा तुला द्यायची की नाही ते आता ते बघतील, पण माझ्यामुळे अडणार नाही.

तिथून कार्यालयात चाव्या द्यायला गेले, तर दारात मामी. हातात पाकीट. "यांनी काल दिवसभर जेवणाकडे पाहिलं नाही," म्हणाल्या. "घरातली सगळी पुस्तकं खाली काढायला लावली मला. आणि हे तुझ्या बाईंना दे म्हणाले." पाकिटात एकेचाळीस कच्च्या चिठ्ठ्या, ओळीने लावलेल्या. प्रत्येकीवर लाल पेन्सिलची फुली आणि शेजारी बारीक अक्षरात, 'पान पाहिले, वाक्य नाही.' गप्प बसायला सांगणाऱ्या मामांनी एकेक पडताळून काढली होती, सवयच ती. वर फाइलचं तेरावं पान. 'फ्रॉड' तसाच आहे, खोडलेला नाही. त्याच्याखाली त्याच लाल पेन्सिलने लिहिलंय, 'नोंद चुकीच्या व्यक्तीच्या नावे. दुरुस्त करावी.' आणि आजची तारीख.

मी पाकीट बाईंना दिलं. मामी म्हणाल्या, तुला भेटायचं मामांच्या फार मनात आहे, पण बोलवायला जीभ रेटत नाही. मी फक्त निरोप पोचवतेय, पुढे तू बघ.

चाव्या देताना बाईंनी विचारलं, "ती फ्रॉडची तिसरी चिठ्ठी राहिली का?" मी म्हटलं, देते. पाठकोरा कागद घेतला आणि तिथेच उभ्याने लिहिली. बाईंनी वाचली आणि म्हणाल्या, माझ्या हातची आता त्यांना तशीच खणात टाकता येणार नाही, दुसऱ्या कुणीतरी पडताळून पक्की करायला हवी. म्हणून तुला पाठवतेय.

शब्द: फ्रॉड
अर्थ: दुसरा, व्यक्तीला उद्देशून
वाक्य: 'फ्रॉड माझी बहीण नव्हती, मी होते.'
स्रोत: न्यायालयाला दिलेला दाखला, १३ फेब्रुवारी, रकाना सातवा, पान तिसरं. (एकूण पानं चार. मोजून घेतली.)
पडताळणार:

पडताळणाऱ्याची जागा कोरी ठेवलीय. जाड कार्डही सोबत घातलंय. पक्की करायची की नाही, ते तू ठरव.

ताई